एकोणचाळीस मिनिटं

आमच्या लालबागच्या खोलीत भिंतीवर एक चावीचं, टोल देणारं घड्याळ होतं. पणजोबांनी ते चोर बाजारातून आणलं आणि ते हयात होते तोवर ते 39 मिनिटं मागे चाललं. बिघडलेलं नव्हतं. दर रविवारी सकाळी पणजोबा स्टुलावर चढून त्याला चावी देत आणि ते नेमकं 39 मिनिटंच मागे आहे ना, याची खात्री करून खाली उतरत. शेजारचं पोर वेळ विचारायला दारात आलं की उलट विचारत, "आमची सांगू की सरकारची?"

मी हे पाहिलेलं नाही. पणजोबा 1949 साली गेले आणि मी त्यानंतर अठरा वर्षांनी जन्मलो. माझ्यापर्यंत हे आलं ते आबांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून. दर वेळी सांगताना त्यांच्या गोष्टीत एखाद-दुसरं माणूस वाढायचं. तरी 39 हा आकडा कधी बदलला नाही. पुढे वाचायला लागल्यावर कळलं की त्या आकड्यापुरते तरी आबा तंतोतंत खरं बोलत होते.

पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. ज्या रेखावृत्तावरून आपली भारतीय प्रमाणवेळ ठरते ते मिर्झापूरजवळून जातं, मुंबईच्या बरंच पूर्वेला. तिथे सूर्य माथ्यावर आला की मुंबईत यायला सरासरी आणखी 39 मिनिटं लागतात. आजही लागतात. पूर्वी या फरकाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं, कारण ज्या गावाची जी दुपार तीच त्या गावाची वेळ. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली ती दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी, असं आपण शाळेत पाठ केलं. ती 35 मिनिटं मुंबईच्या स्वतःच्या वेळेतली होती. आपल्याकडच्या इतिहासात इतक्या नेमक्या मिनिटानं घडलेली गोष्ट त्याआधी कोणती, हे मला सांगता येणार नाही. लढाया झाल्या त्या प्रहर-दोन प्रहरांच्या हिशेबानं. मिनिट आपल्या बोलण्यात आलं ते रेल्वेच्या रुळांवरून.

मग रेल्वेला गावागावाच्या वेळा अडचणीच्या वाटू लागल्या. मद्रासला वेधशाळा होती आणि ते शहर वेळेच्या हिशेबानं मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध पडायचं, म्हणून गाड्या मद्रासच्या वेळेनं धावू लागल्या. ही वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांवर तीच वेळ लादून पाहिली. गावानं इतका गिल्ला केला की दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे 1 जानेवारी 1906 पासून अख्ख्या देशाला एक वेळ लावायचं ठरलं, तेव्हा मुंबई पुन्हा अडून बसली. नगरपालिकेनं आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ राखली आणि फिरोजशहा मेहतांसारखी बडी माणसं त्या बाजूनं उभी राहिली. आबा सांगायचे, व्हीटीला गाडीतून उतरावं तर तिथे सरकारची वेळ, आणि तिथून चालत क्रॉफर्ड मार्केटला जावं तर तिथल्या मनोऱ्यावर नगरपालिकेची. "चालायला दहा मिनिटं. पोचल्यावर बघावं तर निघालो त्याच्या अर्धा तास आधीच येऊन उभे!"

हे सगळं बड्यांचं भांडण. पण पणजोबा वकील नव्हते, नगरसेवक नव्हते. ते गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांना मुंबईच्या वेळेचा एवढा पुळका कशापायी?

त्याचं उत्तर आबांना पणजीच्या लग्नापासून सुरू केल्याशिवाय देता येत नसे.

पणजी संगमेश्वराकडची. तिच्या लग्नात जोशांनी घटिकापात्र मांडलं होतं. तांब्याचं मोठं घंगाळ पाण्यानं भरायचं आणि बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्यावर अलगद सोडायची. भोकातून पाणी आत चढत जातं आणि 24 मिनिटांत वाटी बुडते. ती एक घटका. अशा 60 घटकांचा अहोरात्र, एका घटकेची 60 पळं, म्हणजे पळ झालं 24 सेकंदांचं. भोक किती मोठं हवं, हा त्या तांबटाच्या कसबाचा भाग. भोक केसभर वाढलं तरी गावाची घटका आखूड व्हायची. घड्याळ हा शब्दही त्याच घटिकेच्या कुळातला. आणि शेवट जवळ आलेल्या माणसाबद्दल 'त्याची घटका भरली' म्हणतात ना, ते ही वाटी डोळ्यांसमोर ठेवून म्हणायचं असतं. म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती पाहिलीय, कोण जाणे.

तर ती वाटी पाण्यावर तरंगत होती. जोशीबुवा क्षणभर दुसरीकडे वळले आणि पणजीच्या पाच वर्षांच्या भावानं वाटीवर बोट ठेवलं. वाटी गुडुप्. पुन्हा मांडायला वेळ नव्हता. वर मांडवात, वधू अंतरपाटामागे. जोशीबुवांनी पोराकडे एकदा पाहिलं आणि 'शुभमंगल' म्हटलं. "आमचं लगीन पाव घटका आधीच लागलं," पणजी सांगायची, "म्हणून ह्यांची नि माझी वेळ कधी जमलीच नाही."

मला ही गोष्ट विनोदापलीकडेही आवडते. त्या वेळेत अख्खं गाव सामील होतं. वाटी बुडाली तर सगळ्यांसमोर बुडाली, बोट कुणी घातलं तेही सगळ्यांनी पाहिलं. गिरणीतलं घड्याळ तसं नव्हतं. ते खात्याच्या आत, साहेबाच्या डोक्यावर असायचं, आणि कामगाराच्या अंगावर ते ताडून बघायला काही नसायचं.

पणजोबा भरती झाले तेव्हा गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त; मजुरीत त्यानं फरक पडेलच असं नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन केलं. लोखंडे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. निवेदनातल्या मागण्या आज वाचल्या तर इतक्या साध्या वाटतात की लाज वाटावी. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार महिन्याच्या 15 तारखेपर्यंत द्या. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा.

या शेवटच्या मागणीवर मी नेहमी थबकतो. सकाळ घड्याळाची, संध्याकाळ मात्र सूर्याची. दोन्ही टोकांना घड्याळ का नाही मागितलं? मला वाटतं, संध्याकाळच्या घड्याळावर कुणाचा भरवसा नव्हता. काटा मागे सरकवता येतो, सूर्य सरकवता येत नाही. मुकादम शिडी लावून काटा कसा सरकवायचा याची आबांची एक गोष्ट होती. ती त्यांनी ऐकलेली, त्यांना सांगणाऱ्यानंही ऐकलेलीच. पण हजारो माणसांना अशी गोष्ट खरी वाटते, हीदेखील इतिहासात नोंदवायची बाब आहे.

रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. पणजोबा घड्याळाला रविवारीच चावी का देत, ते आता ध्यानात येईल. सूर्यास्ताची भिंत मात्र 1905 च्या सुमारास पडली, कारण गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा होऊ लागला. दिव्यांवरून गिरणगावात खदखद चालू असतानाच, त्याच हिवाळ्यात, सरकारनं घड्याळ 39 मिनिटं पुढे केलं. ज्या माणसाला आयुष्यभर काटा सरकवल्याचा संशय होता, त्याच्या डोळ्यांदेखत सरकारनं स्वतःच काटा सरकवला! जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो तो आताच्या घड्याळात सातनंतर. त्यातून आणखी 39 मिनिटांची झोप कापली गेली. कामगारांनी साचे बंद केले, बाहेर आले, दगड मारले. 'अडाणी लोकांना प्रमाणवेळ कळली नाही' अशी संभावना तेव्हाही झाली असेल. मला तर वाटतं, त्यांना ती फार लवकर कळली.

पणजोबा त्या दगड मारणाऱ्यांत होते, असं आबा म्हणत. पणजी म्हणायची, हे नुसते उभे होते. काही असो, पंधरा-वीस वर्षांनी चार पैसे साठल्यावर त्यांनी पहिली चैन केली ती घड्याळाची, आणि ते मुंबईच्या वेळेवर लावलं. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर 1942 पासून सरकारनं देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे ढकललं आणि 1945 च्या ऑक्टोबरपर्यंत तसंच ठेवलं. आजी त्याला 'लढाईचा टाइम' म्हणायची. त्या तीन वर्षांत आमचं घड्याळ 1 तास 39 मिनिटं मागे होतं. पणजोबांनी काट्याला हात लावला नाही. घरात भाकऱ्या मात्र गिरणीच्या भोंग्यावर व्हायच्या. आजीनं भिंतीकडे बघून कधी चूल पेटवली नाही.

मुंबईच्या घड्याळांबद्दल लिहायचं आणि राजाबाई टॉवर टाळायचा हे बरं दिसत नाही, म्हणून दोन ओळी. कापसाच्या व्यापारातले बडे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली, आईचं नाव दिलं आणि 1878 मध्ये 280 फुटांचा तो मनोरा पुरा झाला. आई जैन, दृष्टी गेलेली, सूर्यास्ताआधी जेवायचं व्रत. टोल ऐकून तिला वेळ कळावी म्हणून टॉवर, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. पण कापसाच्या पैशातून उभं राहिलेलं ते घड्याळ सूर्यास्ताचं भान देण्यासाठी होतं आणि कापसाच्या गिरण्यांतले दिवे सूर्यास्त बुडवण्यासाठी, हे लालबागच्या माणसाला विसरता येत नाही.

आता धाकटे आबा.

हे आबांचे भाऊ. त्यांनाही गिरणीतच चिकटवलं होतं, कार्डिंग खात्यात, बदली कामगार म्हणून. कापसाची धूळ छातीत बसली. दोन वर्षांत खोकला लागला तो सुटेना. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ते फोर्टात एका बोहरी घड्याळजीकडे उमेदवारीला गेले. उस्तादांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, "आधी खोकला सोड, मग चिमटा धर." त्यात वाकडं काही नव्हतं. मनगटी घड्याळातला स्क्रू मोहरीपेक्षाही बारीक असतो; एक ढास आली की तो कुठल्या फटीत जाईल याचा नेम नाही. धाकट्या आबांना पहिले सहा महिने नुसते सुटे भाग पेट्रोलमध्ये धुवायला होते. श्वास कधी घ्यायचा, कधी धरायचा, हे त्यांना हातापेक्षा आधी शिकावं लागलं.

पुढे त्यांनी लालबागमध्येच एका चाळीच्या जिन्याखाली दुकान थाटलं. दुकान म्हणजे काचेची पेटी, तिच्यामागे एक माणूस, आणि डोक्यावरून दिवसभर चढ-उतार करणारी पावलं. माझ्या शाळेच्या सुट्ट्या त्या पेटीच्या बाजूला गेल्या. डोळ्यात भिंग अडकवून ते काम करत तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही, हा एकच नियम. भिंग काढलं की मग बोलत, आणि मग थांबत नसत.

घड्याळाच्या पोटातलं सगळं मला त्यांनी तिथेच दाखवलं. चावी दिली की डबीत गुंडाळलेली कमान आवळली जाते. ती सुटायला बघते आणि सुटता सुटता दातेरी चाकांना ढकलते. तिला मोकळी सोडली तर काटे भिंगरीसारखे फिरून घड्याळ क्षणात संपेल. म्हणून शेवटच्या चाकापाशी एक पहारेकरी बसवलेला असतो. तो एका वेळी एकच दात सोडतो. त्या सोडण्या-धरण्याचा आवाज म्हणजे टिकटिक. आणि पहारेकऱ्याला ताल देतं ते बॅलन्सचं चाक, त्याच्या पोटातल्या बालकमानीच्या जोरावर. बालकमानी म्हणजे केसासारखी बारीक स्प्रिंग. डच शास्त्रज्ञ हॉयगन्सनं 1675 मध्ये ती घड्याळात बसवून दाखवली. त्याआधी, 1656 मध्ये, लंबकाचं घड्याळही त्याचंच. लंबक भिंतीला बांधून ठेवावा लागतो. बालकमानीनं घड्याळ खिशात आणलं.

"दिवसाला चार लाख बत्तीस हजार," धाकटे आबा म्हणायचे. बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देतो, तासाला 18,000, दिवसाला 4,32,000. एवढ्या ठोक्यांत घड्याळ दिवसाला अर्धं मिनिट चुकलं तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं. "तुझ्या बापाला सांग, एवढं काम करून एवढंच चुकणारा माणूस दाखव."

दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच देत नसत. एक रात्र तबकडी वर करून ठेवत, एक रात्र उलटं, एक रात्र खिळ्याला टांगून. पडून असलेलं आणि उभं असलेलं घड्याळ एकाच चालीनं चालत नाही. बॅलन्सच्या आसावर वजन वेगळ्या जागी येतं. म्हणून ते गिऱ्हाइकाला विचारत, "रात्री हातात घालून झोपता की काढून ठेवता? ठेवता ते आडवं की उभं?" एका बाईंनी हा प्रश्न भलत्याच अर्थानं घेतला आणि पुन्हा आल्या नाहीत.

लोकांना भीती असे ती 'हिऱ्यां'ची. तबकडीवर '17 ज्वेल' लिहिलेलं असतं ना! घड्याळजी आतले हिरे काढून घेतो आणि काचा बसवतो, अशी पक्की समजूत. ती रत्नं म्हणजे माणकाचे बारीक खडे, आस ज्यांत फिरतो ते. पोलाद पोलादावर घासून झिजतं, माणकावर झिजत नाही, म्हणून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ही युक्ती निघाली तेव्हा खडे खरे होते. विसाव्या शतकात व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनज्ञाच्या पद्धतीनं माणिक भट्टीत होऊ लागलं आणि ते मातीमोल झालं. धाकटे आबा हे समजावत बसत नसत. म्हणत, "सतरा हिरे काढले असते तर जिन्याखाली बसलो असतो का?"

त्यांच्याकडे आलेल्या घड्याळांतून मला जगाचा नकाशा कळला. साताऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या सुभेदारांचं 'सोवार' होतं, वेस्ट एंड वॉच कंपनीचं. या स्विस कंपनीनं 1886 मध्ये मुंबईत बस्तान बसवलं होतं. सोवार म्हणजे आपला स्वार. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या, आणि मनगटावरचं घड्याळ पुरुषानं बांधायचं असतं हे जगाला पटलं ते त्याच लढाईच्या खंदकांत. त्याआधी पुरुषाचं घड्याळ खिशात आणि मनगटावरचं बायकांचं. सुभेदारांना घड्याळ चालू हवं होतं असंही नव्हतं. "आतून हलतंय एवढं बघ," म्हणायचे. मग फेवर-ल्यूबा, रोमर, हेन्री सँडोज. साठच्या दशकात आयातीवर निर्बंध आले आणि ही घड्याळं रात्री होडीतून उतरू लागली. असं घड्याळ जिन्याखाली आलं की धाकटे आबा बिल विचारत नसत, पण भिंग लावून मागचा आकडा मात्र बघत.

त्याच काळात एचएमटी आलं. बंगळूरची ही सरकारी कंपनी 1953 पासून यंत्रं बनवणारी यंत्रं करत होती. जपानच्या सिटिझनशी करार करून तिनं घड्याळांचा कारखाना काढला आणि 1961 मध्ये नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर पडली. एका मॉडेलचं नाव 'जनता'. नावातच राजकारण आहे आणि मला ते आवडतं. पणजोबांच्या आयुष्यात घड्याळ आधी साहेबाच्या डोक्यावर होतं, मग फार तर भिंतीवर. त्यांच्या नातवाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनगटावर ते आलं तेव्हा त्यावर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं होतं. वडिलांनी ते पहिल्या पगारातून घ्यायचं ठरवलं, पण मागणी एवढी की पहिल्या पगाराचं घड्याळ नवव्या पगाराला हातात आलं. लग्नात सासऱ्यांनी घड्याळ देऊ केलं, कारण जावयाला घड्याळ आणि अंगठी हा तेव्हाचा रिवाज. वडील म्हणाले, "आहे माझ्याकडे." माझ्या आजोळी हे वाक्य उद्धटपणाचा नमुना म्हणून पुढे वीस वर्षं सांगितलं गेलं.

धाकट्या आबांनी त्या जनताचं झाकण उघडून भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला: "साधं आहे. साधं आहे म्हणून दुरुस्त होईल." त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलं नाही.

ते घड्याळ मी मोडलं. पाचवीत होतो. कर्कटकाच्या टोकानं झाकण उचकटलं, बॅलन्स हलताना दिसला आणि तो थांबवला तर काय होतं हे बघायला बोट लावलं. पणजीच्या भावानं वाटीला लावलं तसंच. बालकमानीचा गुंता झाला. मार बसायच्या आधी मी जिन्याखाली पळालो. धाकटे आबा रागावले नाहीत. दोन चिमट्यांनी ते वेटोळं उलगडत राहिले, दिवेलागण होईपर्यंत. श्वास ऐकू येत नव्हता. मग झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं एक खूण आणि तारीख कोरली. तिथे आधीची खूण होतीच. प्रत्येक घड्याळजी तसं करतो, म्हणाले. हे घड्याळ माझ्या हातून कधी गेलं ते माझं मला कळावं म्हणून. बाहेर तबकडीवर कंपनीचं नाव, आत झाकणावर आमचं.

तोवर त्यांचा धंदा दूर कुठे तरी संपला होता. त्यांना बातमी यायची होती. 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत सेइकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. पाच ठोके कुठे आणि हे कुठे! पहिलं घड्याळ छोट्या मोटारीच्या किमतीचं होतं, पण दहा-पंधरा वर्षांत भाजीवाल्याच्याही हातात आलं. स्वित्झर्लंडमध्ये 1970 च्या सुमारास नव्वद हजार माणसं घड्याळांच्या धंद्यात होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीसेक हजार उरली. आपल्याकडे 1987 मध्ये होसूरच्या कारखान्यातून टायटन बाजारात आलं. धाकट्या आबांनी पहिलं क्वार्ट्झ उघडलं, भिंगातून पाहिलं आणि भिंग काढून ठेवलं. "यात माझ्यासाठी काही ठेवलंच नाही रे." नंतरची वर्षं ते सेल बदलत आणि पट्टे बसवत होते.

लालबागचा काळ बदलला तो त्याआधीच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, आणि भोंगे बंद. त्या गप्प सकाळी मला आठवतात. आजी पहाटे उठून बसायची आणि कशाची तरी वाट बघत राहायची. शेवटी सात पाचच्या पुणे केंद्राच्या बातम्यांवर तिनं चूल लावून घेतली. ज्या भोंग्याला तिन्ही पिढ्यांनी शिव्या घातल्या, त्याच्यावाचून घरातल्या कुणाला उठता येईना. संप संपल्याची घोषणा अशी कधी झालीच नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचं राहिलंच. पणजोबांचं तेरावं झालं त्या रात्री धाकटे आबा स्टुलावर चढले. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी मोठा काटा हळूहळू पुढे आणला, टोलाच्या घड्याळाला आणतात तसा, थांबत थांबत. वाटेत साडेदहाचा एक टोल पडला. पणजी आतून म्हणाली, "झालं ना आता तुमच्या मनासारखं?" नगरपालिकेनंही पन्नासच्या सुमारास आपला हट्ट सोडला. काही पारशी अग्याऱ्यांत अजून मुंबईची जुनी वेळ पाळतात.

वडील गेल्यावर त्यांचं जनता घेऊन मी आधी एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या मुलानं ते दोन बोटांत धरून परत दिलं. म्हणाला, शोकेसमध्ये छान दिसेल. मग दादरच्या एका बोळात एक घड्याळजी सापडले. त्यांनी झाकण उघडलं, आतल्या सगळ्या खुणा वाचल्या, बॅलन्स धुतला आणि शेवटी सुई घेऊन आपली खूण जागा शोधून कोरली. घड्याळ चालू आहे. दिवसाला 40 सेकंद पुढे जातं.

एचएमटीची घड्याळांची कंपनी 2016 मध्ये बंद झाली. नाव मात्र राहिलं, वाण्याच्या दुकानात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे, जेमतेम तिसरी शिकलेले शेतकरी. ऐंशीच्या दशकात त्यांना आपल्या धानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून जपल्या, वर्षानुवर्षं पेरल्या आणि बारीक, चवदार तांदळाचं वाण तयार केलं. बाजारात त्याला नाव हवं होतं. तेव्हा ज्याच्या-त्याच्या मनगटावर एचएमटी होतं. व्यापाऱ्यानं तेच दिलं. वाण देशभर पसरलं. दादाजींना त्याचे म्हणावे तसे पैसे मिळाले नाहीत, आणि 2018 मध्ये ते वारले.

परवा मुलगी वाण्याला फोनवर सांगत होती, "पाच किलो एचएमटी पाठवा." तिला मी वडिलांचं घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "अरे, यांनी घड्याळंपण काढली होती?" आमच्याकडे आलेल्या पोत्यावर एचएमटी ही अक्षरं मोठ्या टायपात छापलेली आहेत. खोब्रागड्यांचं नाव कुठेच नाही, आतल्या बाजूलाही.